कॉफीनं दार का कुरतडलं?

"अगं, तुझ्या ओळखीत कुणाला कुत्रा हवाय का गं? फुकट देतेय. वर त्याचा पट्टा, भांडी, उरलेलं खाणं, सगळं देईन."

गेल्या महिन्यात एका जुन्या मैत्रिणीचा असा फोन आला. आवाजात गंमत होती, पण ती वरवरची. थोडं खोदल्यावर सगळं बाहेर पडलं. दोन वर्षांचा बीगल. नव्या सोफ्याच्या आतला स्पंज ओढून त्यानं हॉलभर पसरला होता. त्याआधी मुलाचं दप्तर झालं, नवऱ्याचे बूट झाले, गादीचा कोपरा झाला. "आणि मुद्दाम करतो गं! आपण घरात असलो की अगदी साधू. पाठ फिरली की सुरू. परत आलो की मान खाली घालून टेबलाखाली जाऊन बसतो. म्हणजे कळतं ना त्याला आपण काय केलंय ते? सूड उगवतोय तो माझ्यावर." नवऱ्यानं तर निकालच देऊन टाकला होता. मावसभावाचं शेत आहे, तिकडे सोडून यायचं. मोकळी हवा, भरपूर जागा, मजेत राहील.

मी तिला एवढंच म्हटलं, "पंधरा दिवस थांब. माझ्यासाठी थांब." फोनवर याहून जास्त बोलताच येईना. कारण 'मुद्दाम करतो', 'सूड उगवतो', 'त्याला सगळं कळतं' ही तिन्ही वाक्यं मी स्वतः बोलले आहे. नुसती बोलले नाही, त्या भरात माझा हातही उठला आहे. तेव्हा आज जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे कॉफी आला तो २०२० च्या नोव्हेंबरात. त्या वर्षी पुष्कळ घरांत कुत्री आली. शाळा बंद, ऑफिसं घरात, मुलं कंटाळलेली. आमची लेक तेव्हा अकरावीत होती. महिनाभर तिनं जेवणाच्या टेबलावर एकच विषय लावून धरला आणि शेवटी दोन महिन्यांचं, चॉकलेटी रंगाचं एक लॅब्रॅडॉरचं पिल्लू कोथरूडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दाखल झालं. लेकीनं त्याचं नाव ठेवलं कॉफी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं 'कापी' केलं. "घरात कुत्रं? मग देव कुठे ठेवू मी?" असं म्हणून त्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बँकेतून लवकर आले, तर आई पलंगावर बसलेल्या, मांडीवर ताटली, आणि त्यातल्या दहीभाताचा घास कापीच्या तोंडात चाललेला. मला बघून म्हणाल्या, "नामदेवानं कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावायचं, ते गोष्टीत सांगायला बरं वाटतं. घरात आलं की शिवू नको?" दोन दिवसांपूर्वी अबोला कुणी धरला होता, हे मी काही विचारलं नाही.

पहिले दोन महिने सुखाचे गेले. मग जानेवारी उजाडला आणि घरात उंदीर, वाळवी आणि दंगेखोर पोर हे तिन्ही एकदम शिरल्यासारखं झालं. टीव्हीच्या रिमोटची बटणं गेली. जेवणाच्या टेबलाचा एक पाय इतका कोरला की टेबल डुगडुगायला लागलं. यांची नवी कोरी कोल्हापुरी, करकर वाजणारी, एका दुपारीत अंगठ्यासकट नाहीशी झाली. माझ्या चष्म्याची एक काडी मिळाली, दुसरी अजून मिळालेली नाही. ती कुठून गेली असेल याचा विचार मी करत नाही.

तेव्हा आम्ही चिडलो, पण घाबरलो नाही, कारण याचं कारण लवकर हाती लागलं. एके सकाळी लेकीच्या सपातीत तांदळाच्या दाण्यासारखा एक टोकदार दात सापडला. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण तीन-चार महिन्यांचं झालं की ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. म्हणजे आपलं बाळ ज्यात सहा वर्षांपासून बारा वर्षांपर्यंत रमतगमत जातं, ते या बिचाऱ्यांना तीन-चार महिन्यांत उरकायचं असतं. हिरड्या ठणकणार, सळसळणार. आपल्या बाळाला दात येताना आपण हातात खारीक देतो, गळ्यात चघळणं बांधतो. कॉफीला कुणी काही दिलं नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःची सोय स्वतः केली होती. आईंनीच उपाय काढला. जुना पंचा भिजवायचा, गाठी मारायच्या आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा. थंडगार गाठ चघळत तो तासन् तास पडून राही. गाजरही तसंच. एक चूक मात्र आम्ही केली. "ही जुनी चप्पल घे हो तुला" म्हणून एक फाटकी चप्पल त्याला खेळायला दिली. आता जुनी कुठली आणि बाटाच्या पिशवीतून आत्ताच काढलेली कुठली, हे कुत्र्यानं कसं ओळखावं? त्याच्या लेखी चामड्याचा आणि घरच्या माणसाच्या पायाचा वास असलेली वस्तू ही त्याचीच, असं आम्हीच शिकवलं होतं.

माझ्या माहेरी, साताऱ्याकडच्या गावात, मोती नावाचा कुत्रा होता. त्यानं कधी खुर्ची फाडल्याचं मला आठवत नाही. यावर आमचे हे म्हणतात, "ते गावठी कुत्रे शहाणे. हे विलायती लाडावलेले." मला ते पटत नाही. मोतीला खुर्ची फाडायला वेळ कुठे होता? पहाटे बाबांबरोबर मळ्यात, मग गुरांमागे, दुपारी ओट्यावर पडून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायची, रात्रभर राखण. घरात तर तो उंबऱ्याच्या आत येतच नसे. थोडक्यात, त्याला नोकरी होती. लॅब्रॅडॉरच्या पूर्वजांनाही होती. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांबरोबर ही कुत्री थंड पाण्यात उतरून जाळी ओढत, सुटलेले मासे तोंडात धरून आणत. पुढे इंग्लंडात शिकारीचे पक्षी उचलून आणायला ती वापरली. पिढ्यान् पिढ्या 'तोंडात धर आणि घेऊन ये' यासाठी निवडलेला प्राणी आपण चौदा बाय बाराच्या हॉलमध्ये आणून ठेवतो आणि म्हणतो, कशाला तोंड लावू नकोस! आपल्याला कुणी हात मागे बांधून दिवसभर घरात वावरायला सांगितलं तर? त्याचं तोंड हाच त्याचा हात.

असो. दात आले, जून उजाडला आणि वादळ शमलं. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष कॉफीनं घरातल्या एकाही वस्तूला दात लावला नाही. 'आता शहाणा झाला' असं आम्ही सगळ्यांना अभिमानानं सांगायचो. आमच्या शिकवण्याचा परिणाम, असंही सांगायचो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये लेक शिकायला बंगळूरला गेली. यांचं ऑफिस तोवर पुन्हा रोजचं झालं होतं. आणि नोव्हेंबरात आई गेल्या. फार आजारी नव्हत्या. आठ दिवस दवाखान्यात होत्या, तेवढंच. पाहुणे, दिवसकार्य, सांत्वनाला येणारे, असं घर तीन आठवडे भरलेलं होतं. मग एका सोमवारी मी नऊ वीसला दाराला कुलूप लावलं आणि बँकेत गेले.

संध्याकाळी दार उघडेना. आतून काहीतरी अडकलं होतं. ढकलून आत शिरले तर दाराच्या आतल्या बाजूची पॉलिश खालपासून कमरेपर्यंत खरवडलेली. चौकटीच्या लाकडाचे ढलपे निघालेले. आणि दाराला अडकली होती ती आईंची गोधडी. त्यांच्या आईच्या आणि त्यांच्या स्वतःच्या लुगड्यांची, हातानं घातलेल्या टाक्यांची. त्यांच्या पलंगावर घडी करून ठेवली होती. मी ती अजून धुतलीही नव्हती. मुद्दामच. तिचा एक पदर पार फाटून चिंध्या झाल्या होत्या. कॉफी कोपऱ्यात, कान पाडून, शेपूट पायात घालून.

मी त्याला मारलं. हातात वर्तमानपत्र होतं, त्याची गुंडाळी करून मारलं, मग ती टाकून हातानं मारलं. तो ओरडला नाही, पळाला नाही. फरशीला चिकटून बसला आणि त्याच्या अंगाखालून लघवी वाहत आली. ते बघूनही मला वाटलं, बघा, अपराध केलाय हे कळतंय याला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकू सांगत आल्या की तुमचा कुत्रा दिवसभर रडतो. सोसायटीच्या वॉचमननं सांगितलं. वर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एकानं नाव न घेता बरंच काही लिहिलं. घरात हे म्हणायला लागले, "तुझ्या कुत्र्याचं काहीतरी कर." इथे एक निरीक्षण नोंदवून ठेवते. कॉफी पाहुण्यांना पंजा द्यायचा तेव्हा तो 'आमचा कॉफी' असायचा. त्यानं दार खाल्लं की 'तुझा कुत्रा' व्हायचा. मुलांच्या बाबतीतही हा अनुभव बऱ्याच जणींना असेलच. आणि भोरकडच्या एका शेताची गोष्ट आमच्याकडेही निघाली. आमच्याही शेताला भरपूर जागा आणि मोकळी हवा होती.

त्याला शेतावर धाडण्याआधी लसीकरण पूर्ण करावं म्हणून मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण होत्या, आमच्या लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. मी तक्रार सांगितली. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. घरभर कुठेही कुरतडतो की दारा-खिडकीपाशीच? तुम्ही गेल्यावर किती वेळानं सुरू होतं? आणि घरात अलीकडे काय बदललं?

पहिल्याचं उत्तर मला माहीत होतं, दारापाशीच. दुसऱ्याचं मला कसं माहीत असणार, मी तर घराबाहेर. त्या म्हणाल्या, "जुना मोबाईल असेल ना? रेकॉर्डिंग लावून ठेवा." तिसऱ्या प्रश्नाला मी तोंड उघडलं आणि उत्तर देता देता गप्पच झाले. कारण ते उत्तर देताना मला पहिल्यांदा कळलं, की कॉफी त्याच्या दोन वर्षांच्या आयुष्यात एक तासही एकटा राहिला नव्हता. आम्ही सगळे कामावर, कॉलेजात, लग्नाला, सहलीला जायचो, पण आई घरात असायच्या. 'त्या काय, नुसत्या घरात असतात' असंच आम्ही म्हणायचो. त्यांच्या त्या नुसतं असण्यावर आमचं कुलूप न लावता बाहेर पडणं, कुरिअर घेणं, गॅसवाला, दूधवाला आणि एका अख्ख्या जनावराचं शहाणपण उभं होतं. श्रेय आम्ही आमच्या शिकवण्याला देत होतो.

दुसऱ्या दिवशी फ्रीजवर मोबाईल लावून गेले. रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी ते बघितलं. नऊ वीसला दार लागतं. कॉफी दाराशी उभा. तिसऱ्या मिनिटाला येरझाऱ्या. पाचव्या मिनिटाला मान वर करून तो जो आवाज काढतो, तो मी दोन वर्षांत कधी ऐकला नव्हता. मग पंजे. तो दार फाडत नव्हता, ते उघडायचा प्रयत्न करत होता. तोंडातून लाळेची धार लागलेली. चाळिसाव्या मिनिटाला तो आईंच्या खोलीत गेला, उरलेली गोधडी तोंडात धरून ओढत आणली, दारापाशी टाकली आणि तिच्यावर बसून तिचा कोपरा चघळत राहिला. दाराकडे तोंड करून. मोबाईलमधली जागा संपेपर्यंत तो झोपला नाही, पाण्याला तोंड लावलं नाही. ह्यांनी मोबाईल उलटा ठेवला आणि उठून गॅलरीत गेले.

कुत्र्याला आजी आठवत होती, असं मी म्हणणार नाही. त्याच्या मनातलं मला काय ठाऊक? डॉक्टरांनी सांगितलं ते असं : भ्यालेला कुत्रा दार-खिडकीला भिडतो, कारण माणसं तिथून गेलेली असतात. आणि चघळायला तो अशी वस्तू शोधतो जिला घरच्या माणसांचा वास दाट लागलेला असतो. म्हणून चप्पल, म्हणून उशी, म्हणून मोजे, रिमोट, चष्मा. आपल्याला वाटतं, नेमक्या आपल्या आवडीच्या वस्तूवर याचा डोळा. खरं तर ती आपल्या हाताळणीतली वस्तू म्हणून त्याला हवी असते. चघळण्यानं कुत्र्याला शांत वाटतं, तेही आहेच. या भीतीला डॉक्टर 'सेपरेशन अँग्झायटी' म्हणतात.

मग ते अपराधी तोंड? ते तर सगळ्यांनीच बघितलेलं असतं. त्याचंही एक उत्तर आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधक बाईंनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चौदा कुत्री आणि त्यांचे मालक. मालकानं खाऊ समोर ठेवून 'खायचं नाही' सांगून बाहेर जायचं. परत आल्यावर त्याला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. म्हणजे कुत्र्यानं खाऊ खाल्लेला नसतानाही मालकाला सांगायचं, 'खाल्ला हो.' मालक रागावायचा. आणि ते मान घालणं, कान पाडणं, नजर चुकवणं दिसायचं ते मालक रागावला की. कुत्र्यानं खाल्लं होतं की नव्हतं, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. उलट ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांची तोंडं जास्तच अपराधी दिसली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचाच एक प्रसंग आठवला. यांच्या हातून पोह्यांचा डबा पडला, स्वयंपाकघरभर पोहे. मी यांच्यावर तोंडसुख घेत होते, आणि टेबलाखाली कान पाडून, डोळे मिचकावत कोण बसलं होतं? कॉफी! ज्यांनी डबा पाडला त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचं नावही नव्हतं.

कुत्रा कशाचा कशाशी संबंध जोडतो, तर त्या क्षणी समोर जे चाललंय त्याच्याशी. सकाळी दहाला दार खरवडलं आणि संध्याकाळी सहाला मार बसला, तर त्याच्या हिशेबात मार बसला तो मी घरी आले म्हणून. म्हणजे मी गेले की भीती, आणि आता मी आले की भीती. ती फरशीवरची लघवी मला अजून आठवते.

पुढचे चार महिने काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण ते सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे. किल्ली वाजली की कॉफी थरथरायचा. म्हणून मी घरात बसल्या बसल्या दिवसातून वीस वेळा किल्ली उचलायची आणि पुन्हा ठेवायची. पर्स खांद्याला लावून भाजी निवडायची. किल्लीला काही अर्थ उरेनासा झाला, तेव्हा दाराबाहेर पाऊल टाकलं. अर्धं मिनिट, आत. एक मिनिट, आत. रडायच्या आधी परत यायचं, रडल्यावर नाही. जिन्यात उभी राहून मी एवढी घड्याळं बघितली की समोरच्या बिऱ्हाडाला वाटलं आमचं भांडण झालंय. मधल्या काळात त्याला पूर्ण दिवस एकटं ठेवायचं नव्हतं. मी रजा घेतली, यांनी दोन दिवस घरून काम मागून घेतलं. कामाच्या मावशी सकाळी आठला यायच्या, त्यांना विचारलं, तुम्ही दुपारी एकला याल का, आणि कामं झाल्यावर तासभर टीव्ही बघत बसाल का? त्याचे वेगळे पैसे ठरवले. मावशी हसून हसून बेजार. "ताई, बसायचे पैसे मला आजवर कुणी दिले नव्हते," म्हणाल्या. काही कुत्र्यांना औषधंही द्यावी लागतात, आमच्यावर ती वेळ आली नाही.

आणि सकाळचं फिरणं बदललं. आधी आम्ही त्याला 'उरकून' आणायचो. खांबाशी थांबला की ओढायचो, चल चल. आता थांबू देतो. कुत्र्याला त्या खांबाशी अख्खा पेपर वाचायला मिळतो, आणि तो वाचून झाला की तो खरोखर दमून शांत होतो. पोळीचे तुकडे ताटलीत न देता जुन्या चादरीत गुंडाळून देते, हुंगून शोधून काढायला त्याला वीस मिनिटं लागतात. रबराच्या पोकळ खेळण्यात दही भरून फ्रीजरमध्ये ठेवलेलं असतं, ते आम्ही निघताना मिळतं. आणि ज्या वस्तू खरोखर घातक, म्हणजे वायरी, मोजे, डांबरगोळ्या, औषधांच्या पट्ट्या, चॉकलेट, त्या उचलून ठेवणं हे काम कुत्र्याचं नाही, आपलं. गिळलेला मोजा आतड्यात अडकला की थेट ऑपरेशनच.

शेताबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचंय. 'शेतावर सोडलं' हे आपलं एक गोड वाक्य आहे, मुलांना सांगायला आणि स्वतःला सांगायला. घरातल्या माणसांवाचून तासभर राहता येत नाही म्हणून जो दार खरवडतोय, त्याच्यावरचा उपाय म्हणून आपण त्याच्याकडून घरातली सगळीच माणसं काढून घेतो. तिथे आधीची कुत्री असतात, ती नव्याला जवळ येऊ देत नाहीत. फ्लॅटमध्ये वाढलेल्याला ना स्वतःचं अन्न मिळवता येतं, ना रस्त्यावरच्या गाडीचा अंदाज. ज्यांच्या भरवशावर सोडतो त्यांनी ते मागितलेलं नसतं. पाळलेला प्राणी उपाशीतापाशी मरेल असा टाकून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड लिहिलाय दहा ते पन्नास रुपये. आमच्या यांच्या कोल्हापुरीच्या एका अंगठ्याचीही किंमत नाही ती. ज्यांना खरोखरच जमत नाही, त्यांनी नीट पारखून, चार वेळा भेटून, दुसरं घर शोधावं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पिल्लू आणायच्या आधी कुणी त्याच्या जातीचा दाखला आणि किमतीचा विचार करण्याऐवजी एका कागदावर एवढंच लिहून काढावं, की सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात कोण असेल. आणि ते 'कोण' जर घरातली सून किंवा सासू असेल, तर तिला एकदा विचारावं. आमच्या घरात आईंना कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्या मैत्रिणीला मी मोबाईलची युक्ती सांगितली होती. चार दिवसांनी तिचा फोन. "अगं, हा तर रडतबिडत नाही! आम्ही गेल्यावर दोन तास मस्त झोपतो. मग उठतो, आळस देतो, खिडकीतून बघतो, आणि मग काय करावं बरं अशा चेहऱ्यानं सोफ्याकडे येतो." म्हणजे तिच्या बीगलचं दुखणं वेगळंच. भीती नाही, निव्वळ कंटाळा. ससे हुंगत मैलोगणती कळपानं धावणारी जात ती, आणि हा दिवसातून दहा मिनिटं खाली जाऊन येतो. त्याला किल्लीचे धडे नकोत, त्याला सकाळी तासभर नाक वापरू द्यायला हवं. तिचा मुलगा आता उठतो म्हणे साडेपाचला. किती दिवस टिकतंय बघायचं. शेताचं बोलणं सध्या तरी बंद आहे.

आमची चौकट आम्ही इतके दिवस तशीच ठेवली होती. परवा एकदाचं सुतारकाम काढलं. सुतार गुडघ्यावर बसून बराच वेळ लाकडावरून बोट फिरवत राहिले. "साहेब, उंदीर लागले होते का हो? एवढे मोठे?"

कॉफी शेजारीच, त्यांच्या पिशवीत नाक खुपसून पटाशीचा वास घेत उभा होता.

"उंदीर नाही," हे म्हणाले. "आमचा कुत्रा आहे. एकदा घरात एकटा राहिला होता."